एजंटला झडप बंदच दिसते: जॅकॅमोला ऑन्टॉलॉजी जोडल्यावर पुन्हा पुन्हा येणारी अडचण

जॅकॅमो म्हणजे अनेक एजंटांची (स्वतः निर्णय घेणाऱ्या प्रोग्रामांची) प्रणाली लिहायचं साधन, आणि ऑन्टॉलॉजी म्हणजे वस्तू व त्यांची नाती यांची यंत्राला वाचता येणारी नोंद. खाडीकाठच्या तलावाच्या मॉडेलमध्ये ही दोन्ही जोडली की लक्षण असं असतं. सिम्युलेशन सुरू केल्यावर पहिली भरती बिनबोभाट पार पडते. भरतीला झडप मिटते, तलावात पाणी चढतं, पंप एजंट पंप लावतो. मग ओहोटी लागते, झडप उघडते, पाणी आपोआप खाडीत जायला लागतं, आणि पंप मात्र चालूच. लॉगमध्ये पंप एजंटचं मत (तो जे खरं मानतो ते): झडप बंद. कार्टागोच्या (जॅकॅमोतला वातावरण सांभाळणारा भाग) पडद्यावर त्याच क्षणी: झडप उघडी. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला की पहिली भरती नीट, ओहोटीपासून पहिले पाढे पंचावन्न.

नवी मुंबईच्या धारण तलावांचं मॉडेल करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून आणि ऐरोलीच्या ऑफिसात शेजारच्या टेबलांवरूनही हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा आला आहे की आता एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. बहुतेक जण पंप एजंटच्या प्लॅनमध्ये, म्हणजे कधी काय करायचं त्या नियमांत, अटींवर अटी वाढवत जातात. दोष प्लॅनमध्ये जवळजवळ कधीच नसतो. झडपेची स्थिती तीन ठिकाणी लिहिली जाते आणि तिचा मालक कोण हे ठरलेलं नसतं, तिथे सगळं बिघडतं.

ज्यांना तलावांचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नवी मुंबई वसवायला सिडको १९७० साली स्थापन झाली. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल, भराव घातलेल्या जमिनीवर उभा आहे. उधाणाच्या भरतीत खाडीची पातळी काही भागांच्या जमिनीपेक्षा वर जाते, म्हणून नाल्यांच्या तोंडाशी धारण तलाव ठेवले आणि त्यांना एकाच दिशेने उघडणाऱ्या फ्लॅप गेट बसवल्या. बाहेर खाडी चढली की पाण्याच्या दाबाने झडप मिटते, पावसाचं पाणी तलावात साठतं. खाडी उतरली की झडप उघडून ते बाहेर पडतं. झडप मिटलेली असताना वरून पाऊस कोसळत असेल, तरच पंपाचं काम. मल्टी-एजंट प्रणालीसाठी हे वातावरण फार छान आहे, कारण एजंटच्या हातात नसलेल्या गोष्टी इथे भरपूर आहेत: चंद्र, पाऊस, गाळ.

वातावरण हा एजंटांच्या मागचा नुसता पडदा नाही, त्याचं स्वतंत्र डिझाइन करायला हवं, हा मुद्दा डॅनी वेन्स, अँड्रिया ओमिचिनी आणि जेम्स ओडेल यांनी २००७ मध्ये नीट मांडला. जॅकॅमोत ते काम कार्टागो करतं: तलाव, झडप, पंप हे आर्टिफॅक्ट (एजंट वापरतात त्या वातावरणातल्या वस्तू), त्यांचे निरीक्षणीय गुणधर्म एजंटला मतांच्या रूपात दिसतात. त्याच्या जोडीला आउलमधली (ऑन्टॉलॉजी लिहायची भाषा) ऑन्टॉलॉजी आली की अर्थाची सोय होते. कोणती झडप कोणत्या तलावाची, कोणता सेन्सर काय मोजतो, पातळी उतरवू शकणारी साधनं कोणती, हे एजंटच्या कोडमध्ये न कोंबता बाहेर ठेवता येतं. उद्या कोपरखैरण्याचा तलाव जोडायचा झाला तर एजंटला हात न लावता जोडता येतो. कल्पना चांगलीच आहे. पण आता झडपेची स्थिती आर्टिफॅक्टमध्ये आहे, ऑन्टॉलॉजीत आहे आणि एजंटच्या मतांच्या साठ्यातही आहे.

आधी मत कुठून आलं ते बघा

जॅकॅमो चालू असताना ब्राउझरमध्ये ३२७२ या पोर्टवर जेसनचा (जॅकॅमोतला एजंट चालवणारा भाग) माइंड इन्स्पेक्टर, म्हणजे एजंटची मतं दाखवणारं पान, उघडतो आणि ३२७३ वर कार्टागोचा. दोन्ही शेजारी शेजारी लावा आणि सिम्युलेशन ओहोटीच्या मध्यावर थांबवा. पंप एजंटच्या मतांमध्ये झडपेची ओळ शोधा आणि तिच्या शेपटाला चौकटी कंसात काय लिहिलं आहे ते वाचा. तिथे स्रोत असतो. 'पर्सेप्ट' असेल तर मत वातावरणातून आलं, 'सेल्फ' असेल तर एजंटने स्वतःच टिपून ठेवलं, दुसऱ्या एजंटचं नाव असेल तर तो निरोप आहे.

दहातल्या आठ वेळा (हा आपला माझा अंदाज) तिथे दोन ओळी सापडतात: झडप तीन उघडी, स्रोत पर्सेप्ट; झडप तीन बंद, स्रोत सेल्फ. दोन्ही एकाच वेळी खऱ्या मानल्या जात आहेत, आणि प्लॅनची अट तपासताना जी आधी जुळेल ती चालते.

ही दुसरी ओळ येते कुठून? भरतीच्या वेळी एजंटने एका प्लॅनमध्ये ऑन्टॉलॉजीला स्पार्कल (ऑन्टॉलॉजीला प्रश्न विचारायची भाषा) प्रश्न विचारला, 'बंद' असं उत्तर आलं, आणि प्लॅनने ते अधिक चिन्ह लावून मतांच्या साठ्यात टाकलं. अधिक चिन्हाने टाकलेलं मत ही एजंटची स्वतःची टीप. जेसन विचाराच्या दर फेरीला आकलन ताजं करतो तेव्हा फक्त पर्सेप्ट स्रोताची मतं तपासतो. जे आता दिसत नाही ते काढतो, नवं दिसतं ते घालतो. स्वतःच्या टिपांना तो हात लावत नाही, लावूही नये. तेव्हा ती टीप प्रोग्राम बंद होईपर्यंत तशीच बसून राहते. पहिली भरती नीट आणि तिच्यानंतरची ओहोटी बिघडलेली, यामागचं कारण हेच.

याचंच एक लपलेलं रूप आहे. भरतीच्या वेळी दोन्हीकडून 'बंद'च येतं, म्हणून जेसन एकच ओळ ठेवतो आणि तिला दोन स्रोत लावतो. ओहोटीला पर्सेप्ट हा स्रोत गळतो, सेल्फ उरतो आणि मत जागच्या जागी राहतं. इन्स्पेक्टरमध्ये नुसती ओळ पाहणाऱ्याला काहीच वावगं दिसत नाही. शेपूट वाचल्याशिवाय कळत नाही.

उपाय म्हणून बरेच जण अधिक चिन्हाऐवजी '-+' लिहितात: जुनं काढा, नवं घाला. त्यात एक खड्डा आहे. हे चिन्ह काढताना मताचे सगळे घटक मोकळे सोडतं, म्हणजे 'झडप तीन, उघडी' लिहायला गेलात तर 'झडप एक'ची टीपसुद्धा उडू शकते. एकच झडप असलेल्या चाचणीत हे दिसत नाही. तिसरी झडप जोडली की अचानक पहिली गायब होते आणि लोक ऑन्टॉलॉजीला दोष देत बसतात. नेमकी जुनी ओळ लिहून काढा, मग नवी घाला.

त्याहून बरं म्हणजे टीप करूच नका. ऑन्टॉलॉजीलाच एक आर्टिफॅक्ट करा, तिला 'विचार' नावाचं ऑपरेशन द्या, उत्तर फीडबॅक पॅरामीटरमधून (ऑपरेशन ज्यातून उत्तर परत देतं तो) एका चलात घ्या आणि त्या प्लॅनपुरतं वापरून सोडून द्या. पुढच्या वेळी पुन्हा विचारा. दर वेळी विचारणं महाग पडतं अशी तक्रार येते. तसं असेल तर तुम्ही ऑन्टॉलॉजीला चुकीचे प्रश्न विचारत आहात. झडप या क्षणी उघडी की बंद, हे ऑन्टॉलॉजीत ठेवूच नये, या बाबतीत माझं मत ठाम आहे. क्षणाक्षणाला बदलणारं आर्टिफॅक्टकडे, वर्षातून एकदा बदलणारं ऑन्टॉलॉजीकडे. 'झडप तीन वाशीच्या तलावाची आहे' हे दुसऱ्या प्रकारातलं. 'झडप तीन बंद आहे' हे पहिल्या.

जाता जाता: झडप उघडल्याची बातमी सिग्नलने देऊ नका. सिग्नल क्षणिक असतो, तो मत म्हणून टिकत नाही. त्या वेळी आर्टिफॅक्टवर फोकस नसलेल्या, म्हणजे त्याकडे लक्ष न लावलेल्या, एजंटला तो कधीच कळत नाही. स्थिती निरीक्षणीय गुणधर्मात ठेवा. गजर वाजवण्यापुरता सिग्नल ठीक.

रीझनर गप्प बसतो

आता उरलेल्या तक्रारींपैकी मोठा वाटा या प्रकाराचा. 'कोंडलेला तलाव' असा वर्ग केलेला असतो: ज्याच्या सगळ्या झडपा बंद आहेत तो. वाशीच्या तलावाला तीन झडपा दिल्या, तिन्ही बंद म्हणून नोंदवल्या, रीझनर (ऑन्टॉलॉजीतून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम) चालवला. तलाव कोंडलेला ठरत नाही. पंप लागत नाही. प्रोटेजेमध्ये (ऑन्टॉलॉजी लिहायचा एडिटर) लाल काही दिसत नाही, एररही नाही.

रीझनर बरोबरच वागतो आहे. आउलचं जग खुलं आहे: जे लिहिलेलं नाही ते खोटं नसतं, नुसतं अज्ञात असतं. तुम्ही तीन झडपा सांगितल्यात, पण चौथी नाहीच असं कुठे म्हटलंत? ती असेल आणि उघडी असेल, तर तलाव कोंडलेला नाही. रीझनर ही शक्यता सोडू शकत नाही. उलट जेसन ज्या एजंटस्पीक भाषेवर उभा आहे, ती आनंद राव यांनी १९९६ मध्ये लॉजिक प्रोग्रॅमिंगच्या धर्तीवर मांडली. तिथे 'नॉट' म्हणजे 'माझ्याकडे तसं मत नाही', एवढंच. खरा नकार हवा असेल तर '~' लावावा लागतो. म्हणजे 'तलाव कोंडलेला आहे की नाही, सांगता येत नाही' असं रीझनरने म्हणायचं आणि एजंटने त्याच्या मौनावरून 'नॉट कोंडलेला' असं वाचून पंप बंद ठेवायचा. रीझनर आपल्या जागी चोख, एजंट आपल्या जागी चोख, आणि रस्त्यावर गुडघाभर पाणी.

इथे दोन वाटा आहेत. आउलमध्येच राहायचं असेल तर तलावाला नेमक्या तीनच झडपा आहेत हे संख्येच्या बंधनाने सांगा आणि त्या तिन्ही परस्परांहून भिन्न आहेत हेही सांगा. दुसरं सांगणं लोक हमखास विसरतात. आउलमध्ये दोन वेगळी नावं म्हणजे दोन वेगळ्या वस्तू असं गृहीत नसतं. तलावाला एकच पातळी-सेन्सर असतो म्हणून तो गुणधर्म फंक्शनल (एकच किंमत घेणारा) ठेवलात आणि कोणीतरी उत्तरेचा व दक्षिणेचा असे दोन सेन्सर जोडले, तर आउल तक्रार करत नाही. दोन्ही एकच आहेत असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. मग एकाची जागा दुसऱ्याला चिकटते, आणि त्या जोडसेन्सरला फंक्शनल डेटा गुणधर्मातून दोन वेगळे आकडे मिळाले की अख्खी ऑन्टॉलॉजी विसंगत. गंमत म्हणजे एरर येतो तो आकड्यांच्या ओळीवर, आणि चूक असते कितीतरी आधी केलेल्या त्या एका घोषणेत.

दुसरी वाट मला जास्त पटते. 'सगळ्या झडपा बंद आहेत का' हा प्रश्न आउलला विचारूच नका. तलावाला कोणत्या झडपा आहेत एवढंच ऑन्टॉलॉजीकडून घ्या आणि त्यांतली एकही उघडी नाही ना, हे एजंटच्या नियमात आर्टिफॅक्टच्या मतांवरून तपासा. नोंदी अपुऱ्या असण्याची भीती असेल तर शॅकलचे नियम लावा. डब्ल्यूथ्रीसीने (वेबची मानकं ठरवणारी संस्था) २०१७ मध्ये मान्य केलेली ही भाषा 'जे आहे तेवढंच' तपासते, आणि 'प्रत्येक झडपेला स्थिती-सेन्सर हवाच' असा नियम मोडला तर स्पष्ट अहवाल देते. आउल निष्कर्ष काढतं, शॅकल चुका पकडतं. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की असे तासन्‌तास जातात.

एकाच तलावाच्या दोन पातळ्या

पातळी १.२ आणि २.४, दोन्ही एकदम. इथे नवा आकडा घालताना जुना काढलेला नसतो. ट्रिपल स्टोअरमध्ये (ऑन्टॉलॉजीच्या ओळी साठवणारा डेटाबेस) 'घाल' म्हणजे फक्त घाल. वर लिहिणं नावाचा प्रकार तिथे नाही. एकाच स्पार्कल अपडेटमध्ये काढा आणि घाला. २०१३ पासून स्पार्कल १.१ मध्ये त्याची सोय आहे.

इतिहास हवाच असेल तर सोसा (सेन्सरच्या निरीक्षणांसाठीची तयार ऑन्टॉलॉजी) वापरा. त्यात प्रत्येक निरीक्षण ही स्वतंत्र वस्तू असते, तिला वेळ आणि निकाल असतो, एजंटने सर्वांत ताजं घ्यायचं. फक्त आधी हिशोब करा. दर पाच सेकंदांना एक वाचन म्हणजे एका सेन्सरची दिवसाला १७,२८० निरीक्षणं. प्रत्येकाच्या पाच ओळी धरल्या तर ८६,४००. पाच-सहा तलावांवर आठवडाभर हे चालवून वर पूर्ण आउलचा रीझनर लावलात तर लॅपटॉपचा पंखा खाडीपलीकडे ठाण्यात ऐकू जाईल. निरीक्षणं वेगळ्या ग्राफमध्ये (ओळींच्या वेगळ्या गटात) ठेवा, रीझनरला ती दाखवू नका.

जेना (ऑन्टॉलॉजी हाताळायची जावा लायब्ररी) वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. अनुमानाच्या मॉडेलला वळसा घालून खालच्या मूळ मॉडेलमध्ये थेट बदल केलात तर वरच्या मॉडेलला ते कळत नाही. 'रीबाइंड' बोलवा, किंवा बदल वरूनच करा. जुनी अनुमानं चिकटून राहिल्याची तक्रार बरेचदा एवढ्यावर मिटते.

एजंट नेमका उलटा वागतो

हे लक्षण वेगळं ओळखा. पंप मध्येच कधीतरी चुकत नाही, दर वेळी उलटाच चालतो: भरतीला बंद, ओहोटीला चालू. असं दिसलं की मी कोड उघडण्याआधी घड्याळ विचारतो.

भरतीच्या तक्त्यातल्या वेळा भारतीय प्रमाणवेळेत असतात. त्या ऑन्टॉलॉजीत भरताना शेवटी '+०५:३०' लिहिलं नाही, आणि वाचणाऱ्या कोडने त्या युटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून घेतल्या, तर साडेपाच तासांचा फरक पडतो. आपल्याकडे दिवसातून दोन भरत्या येतात, त्यामुळे भरती आणि तिच्यानंतरची ओहोटी यांत साधारण सहा तास बारा मिनिटांचं अंतर असतं. साडेपाच तास सरकलेला एजंट म्हणून जवळजवळ बरोबर उलट्या टोकाला जाऊन बसतो. दुसऱ्या कुठल्या टाइम झोनमध्ये ही चूक अर्धवट, विस्कळीत दिसली असती. आपल्याकडे ती इतकी शिस्तीत दिसते की लोकांना नियमातलं चिन्ह उलटं पडलं असावं असं वाटतं, ते चिन्ह बदलतात, आणि सगळं बऱ्यापैकी चालायलाही लागतं. मग परीक्षेच्या दिवशी कोणीतरी वेळेचा भाग दुरुस्त करतं.

टाइम झोन असलेल्या आणि नसलेल्या वेळांची तुलना करू नका. एक्सएमएल स्कीमाच्या (इथे तारखा-वेळा ज्या मानकाप्रमाणे लिहितात ते) नियमानुसार त्या १४ तासांच्या आत असतील तर आधी कोणती हे ठरवताच येत नाही. काही स्टोअर अशी ओळ उत्तरातून चुपचाप गाळतात, काही स्वतःचा टाइम झोन गृहीत धरतात. शॅकलमध्ये एक नियम टाका: टाइम झोनशिवाय वेळ चालणार नाही.

आकडे बरोबर, एकक बरोबर, तरी चूक

सगळ्यांत चिवट प्रकार हा. भरतीच्या तक्त्यात ४.५ मीटर लिहिलं आहे. तलावाच्या काठाची उंची सर्वेक्षणात २.६ मीटर. दोन्ही मीटर, दोन्ही दशांश, एककाची ऑन्टॉलॉजीही लावलेली. एजंट म्हणतो, खाडी काठापेक्षा १.९ मीटर वर आहे, शहर बुडालं.

बुडालेलं नसतं. तक्त्यातली उंची चार्ट डेटमपासून मोजतात, म्हणजे साधारण सर्वांत खोल ओहोटीच्या पातळीपासून. जमिनीची उंची मोजतात सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईत या दोन शून्यांमध्ये अंदाजे अडीच मीटरचा फरक आहे. ४.५ मधून तो वजा केला की भरती काठाच्या बरीच खाली येते. अर्थाच्या स्तराचा खरा उपयोग इथे आहे आणि नेमका इथेच तो कोणी वापरत नाही. प्रत्येक उंचीला एककाबरोबर 'कुठल्या शून्यापासून' हा गुणधर्म सक्तीचा करा, आणि शून्य वेगळं असेल तर तुलना करण्याऐवजी एजंटला 'माहीत नाही' म्हणू द्या. शिवाय वाशीच्या पुलाखालची भरती अपोलो बंदरच्या तक्त्याशी वेळेत किंवा उंचीत तंतोतंत जुळत नाही, म्हणून तक्ता कुठल्या ठिकाणाचा हेही त्याच नोंदीत असू द्या.

तलावाच्या क्षमतेचंही असंच. ऑन्टॉलॉजीत ती कायमचा आकडा म्हणून बसवलेली असते. प्रत्यक्षात गाळ साचतो, कांदळवन वाढतं, आणि कांदळवनाला कायद्याचं संरक्षण असल्याने तिथला गाळ सहजी काढता येत नाही. क्षमतेला कधी मोजली याची तारीख जोडा. पुष्कळ गट २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस चाचणीला ओततात आणि तलाव तुंबला नाही म्हणून खूश होतात. बहुधा त्यांचा तलाव बांधला त्या दिवसाइतकाच खोल असतो.

तरीही पंप चालू-बंद होत राहिला तर

पंप दर काही सेकंदांनी लागत-सुटत असेल, आणि मतांचे स्रोत, वेळा, शून्य हे सगळं नीट असेल, तर ऑन्टॉलॉजीत चूक शोधणं थांबवा. लावायची आणि थांबवायची पातळी एकच ठेवली आहे का ते बघा. पाणी त्या रेषेवर आलं की लाटेच्या एका हेलकाव्याने एजंटचं मत बदलतं. पंप घराच्या टाकीचा असो की तलावाचा, फ्लोट दोन उंचीवर बांधतात: वरच्यावर लावायचा, खालच्यावर थांबवायचा. एजंटलाही दोन वेगळ्या पातळ्या द्या, आणि त्या दोन्ही आर्टिफॅक्टच्या गुणधर्मात ठेवा, प्लॅनच्या मजकुरात नको.

मदत मागताना 'एजंट चुकीचं मानतो' एवढंच लिहू नका. पंप एजंटच्या मतांची यादी स्रोतांसकट, त्याच क्षणाचे आर्टिफॅक्टचे गुणधर्म, आणि रीझनर कुठला व तो कोणत्या ग्राफवर चालतो, एवढं पाठवा. प्लॅनचा कोड मागाहून मागेन.